कीबोर्डचा कंटाळा आलाय, नवा घ्यावा का? सल्ला हवा (सोलापूर)

प्रश्न – जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे यामाहाचा पीएसआर-ई३७३ आहे, तीन वर्षं झाली. पहिलं वर्ष नुसतं वेड लागलं होतं, ऑफिसातून आले की आधी कीबोर्ड, मग चहा. आता आठवडा-आठवडा तो चादरीखाली झाकलेला असतो. बसले तरी तीच चार भजनं, तोच पियानो, तीच बासरी, डाव्या हाताने कॉर्ड धरायची आणि स्टाइल, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, चालू. पंधरा मिनिटांत उठते. आत ६२२ आवाज आहेत, मी पाच-सहाच वापरते.

रात्री मात्र पीएसआर-एसएक्स६०० आणि रोलँड एक्सपीएस-१० या कीबोर्डचे व्हिडिओ बघत जागते. नवा आणला की पुन्हा बसावंसं वाटेल, असं सारखं मनात येतं. पैसे थोडे साठलेत, पण मुलीची फीही तोंडावर आहे. वाजवते ते घरी आणि गणपतीत अपार्टमेंटच्या भजनाला, एवढंच. खरी अडचण म्हणजे बासरी लावली तरी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सूर तुटक येतात. शिवाय मधल्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, कधी वाजतच नाही, कधी एकदम जोरात वाजते. काय करावं?

प्रतिसाद – मुरारजी पेठ

ताई, यात तीन दुखणी आहेत. तिन्हींवर औषध एकच नाही.

काळी दोनचं सोपं आहे. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन कॉन्टॅक्ट असतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून पट्टी किती जोरात दाबली ते कीबोर्डला कळतं. मध्ये धूळ बसली की ते गणित चुकतं. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ चादरीतूनही आत जाते. चांगल्या कारागिराकडून उघडून साफ करून घ्या. रबरावरचे काळे ठिपके घासू देऊ नका, कार्बन निघाला की पट्टी कायमची गेली.

आता कंटाळा. गाणं कुठल्याही सुरातलं असो, ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं बटण) दाबून तुम्ही पांढरी एकलाच सा धरून वाजवत असणार. मी आर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा कितीतरी वर्षं हेच केलं. मोठा कीबोर्ड घेतला, सहा महिन्यांत पुन्हा तोच कंटाळा, कारण बोटं त्याच वाटेने फिरत होती.

एक करून बघा. स्टाइल बंद, ट्रान्सपोज शून्यावर. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, भूप होतो. आता पट्ट्या त्याच ठेवून काळी पाचला सा माना, मालकंस. काळी एकला दुर्गा, काळी दोनला धानी, काळी चारला मधमाद सारंग. पाच पट्ट्यांत पाच राग! डाव्या हाताने खालचा सा दाबून ठेवा, नाहीतर कान पुन्हा भूपाकडेच ओढतो. मूर्च्छना, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलणं, पुस्तकात वाचली होती, पण मला कळली ती अशी, वयाच्या चाळिशीत. त्या रात्री दोन वाजेपर्यंत उठलो नाही.

प्रतिसाद – अशोक चौक

वरच्या दादांचं पटलं, पण मींडेची तक्रार रियाजाने मिटणारी नाही. ई३७३ ला पीच बेंडच (वाजता सूर वर-खाली घसरवायची सोय) नाही, मग बोटं कितीही फिरवली तरी सूर घसरणार कसा? बासरी-सारंगी मनापासून वाजवायची असेल तर नव्याची गरज खरी आहे.

पण एक्सपीएस-१० घाईने घेऊ नका. त्याला स्वतःचे स्पीकर नाहीत आणि कॉर्डमागे फिरणारी स्टाइलही नाही. स्टेजवर तो छान, पण घरी एकटीने वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर नाहीतर हेडफोन लागणारच. तुमच्या वापराला एसएक्स६०० जवळचा. दुकानदार लावून देतो तो डेमो ऐकून भुलू नका, स्वतःचं भजन वाजवा. पीच बेंड बहुतेक ठिकाणी एका पूर्ण स्वराएवढंच लावलेलं असतं. सा वरून रे पर्यंत जाल, ग पर्यंत नाही. ते वाढवायचं कुठून, हे तिथेच विचारून घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काळी दोन साफ करून आणली. कारागिराने रबराची पट्टी काढून दाखवली, खाली करड्या धुळीचा थर होता. आता हळू दाबली की हळूच वाजते.

काल काळी पाचला सा धरून बसले. पहिली दहा मिनिटं भूपच ऐकू येत होता. खालचा सा दाबून ठेवला, म वरून ग वर आले आणि सासूबाई भाकरी थापता थापता आतून म्हणाल्या, "मालकंस का गं?" अंगावर काटा आला. तासभर उठले नाही.

एसएक्स६०० चा विचार सोडलेला नाही, मींड मला हवीच आहे. पण फी भरून, गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा झाल्यावर बघू. तोवर एकच विचारते: काळ्या पट्ट्यांवर जलद तान घेताना अंगठा कुठे ठेवायचा? माझा सारखा घसरतोय.