फॅन, चाहता, समर्थक, पाठीराखा: नेमका फरक कसा दाखवायचा?

सायंतारा:
भाषांतर करताना अडले आहे, मदत हवी. लिव्हरपूल शहरातल्या एका निवृत्त बसचालकाची टिपणं मराठीत आणते आहे. माणूस तिथल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबचा. मनात येईल त्यावर लिहितो: शनिवारची मॅच, साठच्या दशकातले बँड, बसमध्ये फोनवर मोठमोठ्यानं बोलणारी माणसं, चहात दूध आधी घालावं की नंतर. एका टिपणात तो म्हणतो की आपण अमुक बँडचे फॅन आहोत, पण एव्हर्टनचे फॅन नाही, सपोर्टर आहोत. पुढचं अख्खं पान या फरकावर उभं आहे. बँडच्या नंतरच्या रेकॉर्ड त्याला भावल्या नाहीत, तर त्यानं तो बँड ऐकायचंच सोडलं. एव्हर्टननं 1987 नंतर लीग जिंकलेली नाही, 1995 च्या एफए कपानंतर मोठा चषक नाही, तरी क्लब सोडायचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही.

पहिल्या खर्ड्यात मी 'चाहता' आणि 'समर्थक' लिहिलं. संपादकांनी 'समर्थक' खोडून 'पाठीराखा' केलं. घरी वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, समर्थक निवडणुकीत असतात आणि पाठीराखा म्हणजे देव, नाहीतर भाऊ. तुम्ही काय लिहाल?

क्रीडापान:
'पाठीराखे' लिहा आणि पुढे चला. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर हा शब्द कितीतरी वर्षं आहे. 'घरच्या मैदानावर पाठीराख्यांच्या साक्षीनं' हे वाक्य आम्ही इतक्यांदा छापलं की वाचकाला त्यात देव किंवा भाऊ दिसत नाही, गॅलरीतली माणसं दिसतात. खेळाच्या पानावरचे शब्द वापरून वापरून घडतात. 'गोलरक्षक' टिकला, 'बचाव फळी' टिकली, 'स्वयंगोल' अर्धा मराठी अर्धा इंग्रजी असूनही टिकला. 'पदकंदुक' कुणाच्याच तोंडी बसला नाही.

मुद्रितशोधक:
छापून आलं म्हणजे बरोबर असं मी मानत नाही. पाठ राखणारा तो पाठीराखा. ज्याची पाठ राखायची तो दुबळा किंवा अडचणीत सापडलेला, आणि राखणारा समर्थ. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवाशिणीचा पाठीराखा भाऊ असतो, कारण वेळप्रसंगी तो धावून येतो. बसचालक पन्नास हजारांतला एक, तो अकरा व्यावसायिक खेळाडूंची पाठ कशी राखणार? शब्दातलं नातंच उलटं होतं. 'समर्थक' बिनचूक आहे. राजकारणात वापरतात म्हणून शब्द सोडून द्यायचा ठरवलं, तर 'पक्ष'ही सोडावा लागेल आणि 'निष्ठा'ही.

सायंतारा:
पण त्याला बहुधा तेच उलटं नातं म्हणायचं आहे. त्याच्या मते मालक बदलतात, मॅनेजर बदलतात, खेळाडू विकले जातात, उरतात ती गॅलरीतली माणसं. क्लब तीच राखतात असं त्याला मनापासून वाटतं. गुडिसन पार्क हे 1892 पासूनचं मैदान पुरुषांच्या संघानं 2025 मध्ये सोडलं, त्या टिपणात तो आजोबांपासूनच्या खुर्च्यांची जागा सांगतो, खेळाडूंची नावं जवळजवळ नाहीतच.

क्रीडापान:
मग तर 'पाठीराखा'च. तुमच्या संपादकांना कान आहे.

पेठकरी:
कोल्हापुरातून लिहितोय. आमच्यात ह्या दोन्ही शब्दांची गरज पडत न्हाई. शाहू स्टेडियमवर शेजारी बसलेल्याला आम्ही विचारतो, 'कुणाचा?' तो म्हणतो, 'पाटाकडीलचा', न्हाईतर 'दिलबहारचा', 'प्रॅक्टिसचा', 'खंडोबाचा'. झालं. 'मी पाटाकडीलचा समर्थक आहे' असं कुणी म्हणालं तर लोक त्याला परगावचा समजतील. इथले संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे, पेठेतले. ज्या पेठेत जन्मला त्या पेठेचा तो असतो, निवडायचा प्रश्नच येत न्हाई. पोरगं चालायला लागलं की चुलत्याच्या खांद्यावरनं मॅच बघतं. तुमच्या बसवाल्याची गोष्ट हीच दिसते. तेव्हा ताई, सरळ लिहा: 'त्या बँडचा मी चाहता होतो, पण मी एव्हर्टनचा आहे.' षष्ठी विभक्ती लावा, नाम सोडून द्या.

सायंतारा:
हे फार आवडलं. अडचण एकच, त्याच पानावर पुढे तो 'सपोर्टर' या शब्दावरच तीन वाक्यं खर्च करतो. नामच नसेल तर ती वाक्यं कशाला धरून उभी करू?

कानसेन:
बँडसाठी 'चाहता' हासुद्धा मला पटत नाही. चाहता हा सिनेनटाचा, सही घेणारा. गाणं ऐकणाऱ्यासाठी मराठीत आपल्याकडे एकापेक्षा एक शब्द आहेत: रसिक, शौकीन, दर्दी. त्यातला 'दर्दी' बघा. मूळ फारसी दर्द, म्हणजे वेदना. मराठीनं त्याला जाणकार श्रोता केलं, ज्याला सुराची जागा आतपर्यंत लागते. ज्या माणसाचा क्लब तीस वर्षं काही जिंकलेला नाही आणि तरी तो दर आठवड्याला जाऊन बसतो, त्याला दर्दी म्हणायला काय हरकत आहे? मी तर म्हणतो बँडचा चाहता आणि फुटबॉलचा दर्दी, असं उलटं करून टाका.

पेठकरी:
शौकीन आमच्याकडं खेळातच आहे. कुस्तीशौकीन हा शब्द मैदानाच्या जाहिरातीवर असतोच. पण शौकीन सगळ्या कुस्त्या बघतो. पैलवान कुठल्याही तालमीचा असो, डाव चांगला पडला की तो फेटा उडवणार. फुटबॉलला आलेला माणूस तसा नसतो. समोरच्या पेठेचा गोल कितीही देखणा असला तरी त्याचे हात उठत न्हाईत.

कानसेन:
म्हणजे शौकीन खेळाचा आणि पाठीराखा संघाचा. हा फरक नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

मडगावकर:
मला यात इतर भाषांतलं आठवतं. इटालियनमध्ये फुटबॉलवेड्यांना 'तिफोसी' म्हणतात, ते 'तिफो' म्हणजे टायफस या तापाच्या नावावरून. वर्ल्ड कप आला की मराठी पेपर 'फुटबॉलचा ज्वर' लिहितात, ते याच जातीचं. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये 'तोर्सेदोर' आहे, 'तोर्सेर' म्हणजे पिळणे. रिओत जुन्या काळी मॅच बघायला आलेल्या बायका काळजीनं हातातले रुमाल पिळत, त्यावरून शब्द आला अशी गोष्ट सांगतात. खुद्द पोर्तुगालात मात्र 'आदेप्तु' म्हणतात. आमच्या गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये मी जे चेहरे पाहिलेत त्यांना रुमालवालाच शब्द शोभतो. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखी माणसं बोलत होती. मराठीत 'जीव पिळवटणं' आहेच. त्यातून एखादं नाम निघतं का बघा.

मुद्रितशोधक:
इंग्रजी 'फॅन' हा 'फॅनॅटिक'चा तुकडा, आणि त्याचं मूळ लॅटिन 'फानुम' म्हणजे देऊळ. देवळात अंगात आलेला तो फॅनॅटिक. त्या हिशोबानं मराठीत 'भक्त' सगळ्यांत जवळचा आहे. आजच्या राजकीय भांडणात तो शब्द नासला, नाहीतर मी तोच सुचवला असता.

बोरिवली_लोकल:
मी तेवीस वर्षांची आहे आणि मला कळत नाहीये की 'फॅन' आणि 'सपोर्टर' हेच का नको. मराठी मुलं हेच बोलतात. 'मी आर्सेनलचा पाठीराखा' असं मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. जून 2018 मध्ये सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले होते, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये या म्हणून. त्यानंतर अंधेरीत केनियाशी मॅच झाली, त्याची शंभरावी. धो धो पावसात स्टेडियम भरलं होतं. मी शाळेत होते, बाबांबरोबर गेले होते, मैदानात पाणी साचलेलं, पास मध्येच अडकत होते आणि तरी कुणी उठत नव्हतं. तिथे सगळे मराठी-हिंदी मिसळून ओरडत होते आणि स्वतःला फॅनच म्हणत होते. पुस्तक आम्हीही वाचणार आहोत ना?

मुद्रितशोधक:
तुम्ही जरूर वाचा. पण दोन इंग्रजी शब्दांमधला फरक तेच दोन इंग्रजी शब्द ठेवून समजावणं म्हणजे भाषांतर न करणं. मराठी वाचकानं पैसे कशाचे द्यायचे?

बोरिवली_लोकल:
मराठी वाचकाला ते दोन्ही शब्द रोज कानावर पडतात. 'टेबल' आणि 'बस' यांना तुम्ही हरकत घेत नाही. हा माणूस बसचालक होता, 'सार्वजनिक वाहनाचा सारथी' नाही लिहिलंत कुणी.

क्रीडापान:
तिचा मुद्दा टाकाऊ नाही. आम्ही 'पेनल्टी', 'कॉर्नर', 'हेडर' तसेच ठेवले ते यासाठीच. पण शब्द तांत्रिक असेल तर तसाच ठेवणं वेगळं. इथे माणसाची भावना त्या शब्दात आहे, आणि भावनेचे शब्द उसने घेतले की वाक्य कोरडं पडतं.

पेठकरी:
एक शब्द अजून कुणीच घेतला न्हाई, म्हणून मीच सांगतो. नाद. गाण्याचा नाद असतो, फुटबॉलचा नाद असतो, चहाचा पण नाद असतो. ताईंच्या माणसाची तिन्ही दुकानं एका शब्दात येतात. आमच्याकडं 'नाद खुळा' ही सगळ्यांत वरची दाद आहे, गोल बघून पण म्हणतात आणि मिसळ खाऊन पण. आणि नाद म्हणजे आवाज. गॅलरीत हलगी वाजली की हे दोन अर्थ वेगळे राहतच न्हाईत.

सायंतारा:
अहो, त्या पुस्तकात हेच आहे! एव्हर्टनचा संघ मैदानात उतरतो तो एका धूनवर, 1962 मध्ये सुरू झालेल्या बीबीसीच्या 'झेड कार्स' या पोलिसी मालिकेची ती धून, आणि तिचं मूळ लिव्हरपूलकडचं 'जॉनी टॉड' हे लोकगीत. त्यावर त्यानं एक अख्खं टिपण लिहिलंय. ढोलाचे पहिले ठोके पडले की त्याच्या पोटात कालवाकालव होते म्हणतो. 'नाद' तिथे चपखल बसेल.

मुद्रितशोधक:
नाद हा शब्द व्यसनाकडे झुकतो. 'नादी लागला' असं आपण कुणाबद्दल म्हणतो? जुगाराच्या, दारूच्या, वाईट संगतीच्या. आई मुलाला 'त्याच्या नादी लागू नकोस' म्हणते. ज्याला आपल्या क्लबचा अभिमान आहे तो स्वतःला नादी म्हणणार नाही.

कानसेन:
'नादी लागणे'चं मूळ मला हरणात दिसतं. जुन्या संतकाव्यात दृष्टांत येतो: शिकारी गोड नाद करतो, हरीण त्याला भुलून थबकतं आणि बाणाला बळी पडतं. भुंगा गंधानं जातो, पतंग रूपानं, मासा आमिषाच्या चवीनं आणि हरीण नादानं. आवाजाचा अर्थ आणि वेडाचा अर्थ तिथे एकत्र आले असावेत. तेव्हा नाद वाईट नव्हे, जीवघेणा आहे. तोट्याचा आहे हे कळत असून सुटत नाही. एव्हर्टनवाल्याला आणखी काय हवं?

मडगावकर:
'छंद'ही तसाच की. वृत्ताला छंद म्हणतात आणि आवडीलाही. दोन्ही शब्द संगीताच्या घरचे. छंद मात्र फावल्या वेळाचा राहिला, तिकिटं जमवण्याचा.

क्रीडापान:
हरणाची व्युत्पत्ती ऐकायला सुंदर आहे, पण नुसत्या दृष्टांतावरून वाक्प्रचार ठरवू नये. बरं, 'नाद खुळा' छापायचं कसं? आमच्या पानावर यावरून दोन तट पडले होते. एका गटाचं म्हणणं 'नादखुळा' एक शब्द, नादानं खुळा झालेला. दुसरा गट म्हणे दोन शब्द, म्हणजे नादच खुळा.

पेठकरी:
दोन शब्द. नाद खुळा आहे, माणूस न्हाई. माणूस शहाणाच असतो.

मुद्रितशोधक:
व्याकरणानं बघाल तर एक शब्द. 'नादखुळा' हा तृतीया तत्पुरुष समास आहे, 'नादाने खुळा'. दोन शब्द केलेत तर वाक्याला क्रियापद लागतं, आणि तुमच्याकडे कुणी 'नाद खुळा आहे' म्हणत नाही.

पेठकरी:
क्रियापद गृहीत असतं साहेब. 'लय भारी' म्हणताना 'आहे' कोण लावतं? रिक्षाच्या मागं, टी-शर्टावर, मंडळाच्या फलकावर बघा, दोन्ही शब्द सुटे दिसतील.

मुद्रितशोधक:
रिक्षामागं 'आर्शिवाद' असंही लिहिलेलं दिसतं. त्याला प्रमाण मानायचं का?

बोरिवली_लोकल:
मुंबईत आम्ही एका दमात म्हणतो, मध्ये थांबत नाही. उच्चार एक तर शब्द एक, असं नाही का?

कानसेन:
उच्चारावर जायचं तर कोल्हापुरी उच्चार ऐका. जोर 'खु'वर पडतो, 'ना'वर नाही. समासात पहिल्या पदावर जोर पडायला हवा होता. मी पेठकरींच्या बाजूनं.

मुद्रितशोधक:
मराठीत आघातावरून समास ठरतो हे मी प्रथमच ऐकतो आहे. 'कानफाट्या'त जोर कुठे आहे ते सांगा, मग पुढे बोलू.

सायंतारा:
मला शुक्रवारपर्यंत प्रकरण द्यायचं आहे. तूर्त 'मी त्या बँडचा चाहता, पण एव्हर्टनचा पाठीराखा' ठेवते, आणि 'मी एव्हर्टनचा' हे पुढच्या परिच्छेदात घेते. 'नाद' त्या धूनच्या टिपणासाठी राखून ठेवलाय. 'समर्थक'वाल्यांकडे अजून काही युक्तिवाद असेल तर त्याआधी सांगा.

पेठकरी:
'कानफाट्या'त जोर 'फा'वर. आमच्या गल्लीत तरी.