मारुती ८०० : एअर फिल्टरमध्ये ऑइल येतंय, खालचा पत्रा काढू का?

बावडा_रोड :
नमस्कार मंडळी. वडिलांची १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. कोल्हापूर-गगनबावडा नेहमीचं जाणं-येणं. एअर फिल्टर तेलानं ओला होतोय, सिग्नलला थांबलं की आत जळक्या ऑइलचा वास. इंजिनाखालच्या पत्र्यावर तेल-चिखलाचा थर बसलाय. गॅरेजवाले म्हणतात, ब्रीदरचा पाइप (इंजिनातला गॅस बाहेर काढणारा) फिल्टरमधून काढून खाली सोडू, पत्राही काढू. करू का? गाडी विकायची नाही, एवढं नक्की.

कळंबा_८०० :
पाइप सोडा खाली, आमच्याकडं बऱ्याच जुन्या गाड्यांना तसंच आहे. पत्रा मात्र ठेवा. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटलं तर गाडी जागेवरच.

उद्यमनगर_बोअरिंग :
पाइप खाली सोडू नका, कळकळीनं सांगतो. पिस्टन रिंगांच्या कडेनं थोडा गॅस चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. तो ऑइलची वाफ घेऊन ब्रीदरमधून फिल्टरकडं जातो आणि इंजिनात जळतो. पाइप खाली सोडलात तर तीच वाफ पत्र्यावर आणि सायलेन्सरवर बसणार, वास वाढणार. फिल्टरच्या डब्याचं भोक उघडं राहिलं तर धूळ आत जाईल ती वेगळीच.

आधी वाफ एवढी का येतेय ते बघा. इंजिन गरम झालं की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचं झाकण काढा. हलकी वाफ चालते. भात्यासारखी भकभक आली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत घ्या. वाढलं तर रिंगा-बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, नाही वाढलं तर बहुतेक व्हॉल्व्ह गळतायत. एवढं केल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नका.

ब्रीदरचा पाइप काढून आतून बघा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा गॅस परत इंजिनात सोडणारी झडप) असेल तर काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. वाट तुंबली की आतला दाब टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून नाहीतर क्रँकच्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो.

बावडा_रोड :
दादा, झाकण काढलं तर वाफ हलकीच आहे. पाइपात मात्र काळा गाळ, बोटानं खरवडून काढला. अजून एक, घाट उतरून अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागं निळा धूर येतो.

उद्यमनगर_बोअरिंग :
मग व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबर) बघा. उतारावर गिअरमध्ये असताना पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम वाढतो, कडक झालेल्या सीलमधून ऑइल ओढलं जातं. हे काम बोअरपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं.

पत्रा ठेवाच. ड्रेन प्लगखाली भोक पाडून घ्या, घाटातून आल्यावर आतून धुवा. गळती टिपायला काहीजण वर गोणपाट किंवा फोम ठेवतात, ते अजिबात नको. तेल पिऊन बसतं आणि सायलेन्सर तिथंच असतो, पेट घ्यायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनी ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस धरतो, त्याला घाबरू नका. रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर मात्र हेड गॅसकेट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) तपासून घ्या.