मदत हवी आहे: सासूबाई आणि मुलांसोबत मुंबई

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जातोय. मुक्काम दादरला नणंदेकडे. सोबत दोन मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई. त्यांनी आजवर समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे हा प्रवास खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

अडलंय ते घारापुरीपाशी. गेटवेवरून लाँचने तासाभराचा प्रवास, धक्क्यापासून थोडं अंतर छोटी गाडी नेते, पण पुढे लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आमच्या रामटेकलाही त्या अर्ध्यावर बसून घेतात. डोलीवाले सहज मिळतात का? लाँचमध्ये चढताना-उतरताना धक्का आणि बोट यांच्यात फट राहते, तिथे हात द्यायला कोणी असतं का? अलीकडे कोणी वडीलधाऱ्यांना नेलं असेल तर नक्की सांगा. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं माहीत आहे.

राणीच्या बागेत पेंग्विन बघायचेच, असा धाकट्याचा हट्ट आहे. बुधवार सोडून जाऊ.

आणखी एक. सासूबाईंना पाण्यात पाय बुडवून निवांत बसायचंय. गिरगाव चौपाटी बरी की जुहू? गर्दी कमी, जवळ स्वच्छतागृह, आणि वाळूतून फार चालावं लागणार नाही अशी जागा हवी. भरती-ओहोटीची वेळ रोज बदलते म्हणतात, मग सकाळी न्यावं की संध्याकाळी?