ग्लायडरमधला ऑक्सिजन : 'पूरक' की 'कृत्रिम'?

ग्लायडर वैमानिकांसाठी मराठीत माहिती लिहितो आहे. उंचावर जाताना ते सिलिंडरमध्ये जो ऑक्सिजन नेतात त्याला 'कृत्रिम प्राणवायू' म्हणावे का? तो देण्याच्या पद्धतींनाही शब्द हवेत.

*

'कृत्रिम' नको. सिलिंडरमधला ऑक्सिजन हवेतूनच वेगळा काढलेला असतो. श्वासातल्या हवेत त्याची भर घालायची असते, म्हणून 'पूरक ऑक्सिजन' योग्य.

आणखी एक विनंती. 'उंचावर हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते' असे लिहू नका. प्रमाण तिथेही सुमारे २१ टक्केच असते, घटतो तो दाब. १८,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, त्यामुळे तेवढ्याच मोठ्या श्वासात ऑक्सिजन निम्म्याहून जास्त येत नाही. आपला 'विरळ हवा' हा शब्द इथे अगदी चपखल आहे.

पद्धतींचे म्हणाल तर पहिली 'सतत पुरवठा'. साधी आणि भरवशाची; पण श्वास सोडतानाही ऑक्सिजन वाहत राहतो आणि वाया जातो. दुसरीत श्वास आत घेतल्याची चाहूल लागताच यंत्र छोटा झोत सोडते. ग्लायडरमध्ये जागा कमी, सिलिंडरही लहान, म्हणून ही सोयीची. मात्र तिला बॅटरी लागते. हिला मी 'श्वासागणिक पुरवठा' म्हणेन.

*

'मागणीनुसार पुरवठा' का नाही? 'पल्स डिमांड' या मूळ इंग्रजी संज्ञेच्या ते जास्त जवळ आहे.

*

कारण वाचणाऱ्याला वाटेल की मागणी वैमानिकाने करायची. ऑक्सिजन कमी पडू लागला की पहिला घाला विचारशक्तीवर पडतो. काही जणांना तर उलट छान, हलके वाटते. 'त्रास झाला की सुरू करू' असा अर्थ कुणी काढला तर जिवावर बेतेल. अमेरिकी नियमही वैमानिकाला काय वाटते ते विचारत नाही : १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचे असेल तर आणि १४,००० फुटांच्या वर पूर्ण वेळ ऑक्सिजन घ्यायचाच.

*

पटले. 'श्वासागणिक' घेतो. नाकात ऑक्सिजन सोडणाऱ्या नळीला, म्हणजे कॅन्युलाला, 'नाकनळी' चालेल?

*

चालेल, लगेच कळते. फक्त ती साधारण १८,००० फुटांपर्यंतच वापरायची, त्यापुढे मास्क, हे त्याच ओळीत लिहा. मास्कला मात्र 'मुखवटा' करू नका.