शेवट ठाऊक असूनही रीजन्सी प्रेमकादंबऱ्या सुखाच्या का वाटतात?

वाचनखूण:
मागच्या महिन्यात आजारपणात इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयर यांच्या, रीजन्सी काळातल्या (म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या) कादंबऱ्या ओळीने वाचून काढल्या. लग्न कुणाचे कुणाशी होणार हे पहिल्या वीस-पंचवीस पानांतच कळते, तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. एरवी रहस्यकथेचा शेवट कुणी फोडला तर मी चिडते. मग इथे तोच ठाऊक असणे इतके सुखाचे का वाटावे?

अर्धविराम:
शेवटाची काळजी मिटली की लक्ष संवादांकडे आणि फजितीकडे जाते, असे मला वाटते. शिवाय फजिती रंगायला कडक नियम लागतात, आणि ते त्या काळात आयतेच होते. १७५३ च्या विवाह कायद्यानंतर इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्या मुलीला परवाना काढून लग्न करायचे तर वडिलांची संमती लागे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नसल्याने जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पळत आणि लोहाराच्या ऐरणीपुढे, साक्षीदारांदेखत लग्न लावून घेत. पळून जाण्याचे हे प्रकरण हेयर गंभीर होऊच देत नाहीत. त्यांच्या १९३२ सालच्या एका कादंबरीत (ती रीजन्सीच्या आधीच्या काळातली आहे, पण प्रकृती तीच) उमराव नायिकेला जबरदस्तीने फ्रान्सला नेत असतो, आणि ऐन धमकावणीच्या प्रसंगी तिला बोट लागते, म्हणजे बोटीच्या हेलकाव्यांनी मळमळू लागते. तो मुकाट्याने तिच्यापुढे भांडे धरतो. त्याचा सगळा रुबाब तिथेच उतरतो आणि आपण निर्धास्त होतो. (पुढे ती त्याच्यावर पिस्तूल झाडते, ते वेगळे.)

बखरवाचक:
पटले, पण माझे सुख मध्येच अडखळते. हेयर यांच्या वॉटर्लूच्या लढाईवरील कादंबरीत ब्रुसेल्सच्या मेजवान्यांतून हसतखेळत वावरणारा इंग्रज सेनापती वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा वेलस्लीच. रीजन्सी १८११ ते १८२० अशी धरतात आणि १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा तिकडे नाचाच्या आमंत्रणावरून रुसवेफुगवे चालले असणार, हा विचार काही डोक्यातून जात नाही. तरीही वाचतो, हे कबूल करतो.

वाचनखूण:
बोट लागण्याचा प्रसंग मीही दोनदा वाचला होता, पण निर्धास्तपणा तिथून येतो हे ध्यानात आले नव्हते. वॉटर्लूची कादंबरी उशाशीच आहे. आता वेलिंग्टनला पूर्वीच्या कौतुकाने वाचणे मात्र कठीण जाईल.