तेव्हाही हीच कुरकूर होती
'पन्नाशीच्या दशकातलं तेच संगीत, आजचा नुसता धांगडधिंगा' हा सूर जुन्या-नव्या चित्रपटगीतांच्या गप्पांत हमखास लागतो, म्हणून हे सांगणं. ज्या गाण्यांना आपण सुवर्णकाळ म्हणतो, ती तेव्हाच्या जाणत्यांना उथळच वाटत होती. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण केसकर, माणूस अस्सल मराठी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केलं? काटा फिरवून हिंदी गाणी वाजवणारं श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं! शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली.

आणि तुलना करायचीच तर नीट करा. मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी तबकडी (रेकॉर्ड) डिजिटल करताना 82-83 फेऱ्यांनी फिरली, तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, लयही पळते. मग 'काय कोवळा आवाज!' म्हणून आपण माना डोलावतो. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रतींचा कालावधी ताडून बघा: 3 मिनिटं 20 सेकंदांचं गाणं 3 मिनिटं 9 सेकंदांत संपत असेल, तर कोवळेपणा यंत्राचा आहे. दुसरं, जुनं आणि नवं गाणं आवाजाची पातळी सारखी करून ऐका. जरा मोठं वाजणारं गाणं कानाला उगाचच सरस वाटतं.