ठाण्यातील आमच्या जुन्या विमा एजन्सीचा इतिहास लिहिताना पडलेले प्रश्न

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. आजोबांनी १९४८ साली नौपाड्यात सुरू केलेली विमा एजन्सी पुढे वडिलांनी चालवली आणि आता माझी थोरली बहीण चालवते. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे पोटमाळा रिकामा केला, तेव्हा कापडी बांधणीच्या चार वह्या, पत्रांच्या दोन फायली आणि एक पत्र्याची पाटी हाती लागली. पाटीवर साताऱ्याच्या वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनीचे नाव असून त्याखाली ‘चीफ एजंट’ असे लिहिले आहे. १९५६ नंतरच्या कागदांवर मात्र आजोबा नुसते ‘विमा प्रतिनिधी’ आहेत.

‘सरकारने आजोबांची एजन्सी काढून घेतली’ हे वाक्य आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे असेल तर तसे लिहावे, नसेल तर निदान माझ्या हातून ते छापले जाऊ नये, असे मनापासून वाटते. दुसरे कोडे असे की १९६० नंतरच्या काही पत्रांवर पुन्हा खासगी कंपन्यांची नावे दिसतात. हे कसे शक्य आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त विकास अधिकारी, वाशी)

आपल्या घरातले ते वाक्य अर्धे खरे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साताऱ्याची ही कंपनी अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली स्थापन केली. अशा कंपनीला प्रत्येक गावी स्वतःची शाखा उघडणे परवडत नसे, त्यामुळे एखादा जिल्हा किंवा तालुका चीफ एजंटाकडे सोपवला जाई आणि तो आपल्या हाताखाली प्रतिनिधी नेमून, त्यांना शिकवून, त्यांनी आणलेल्या कामावर आपला हिस्सा घेई. म्हणजे आपले आजोबा नुसते पॉलिसी विकणारे नव्हते, तर आज शाखा आणि विकास अधिकारी मिळून जे काम करतात त्याचा बराचसा भार त्यांच्यावर होता.

१९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश निघाला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. मागील दशकात २५ आयुर्विमा कंपन्या बुडाल्या आणि तितक्याच कंपन्यांचा व्यवसाय विमेदारांना तोटा सोसायला लावून दुसरीकडे वळवावा लागला, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले, तेव्हा १५४ भारतीय व १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्य निधी संस्था, अशा एकूण २४५ संस्थांचा कारभार त्यात विलीन झाला. महामंडळाने स्वतःच्या शाखा उघडल्यावर मधला चीफ एजंट उरण्याचे कारण नव्हते, म्हणून कायद्याच्या कलम ३६ ने सर्व चीफ एजंटांचे करार संपुष्टात आणले. मात्र त्याच कायद्यात त्यांच्या भरपाईची तरतूदही होती. तेव्हा ‘काढून घेतली’ असे लिहिण्यापेक्षा ‘करार कायद्याने संपला’ असे लिहावे आणि फायलीत भरपाईचा पत्रव्यवहार सापडतो का, ते अवश्य पाहावे.

या सगळ्यात विमेदाराचे काय झाले, हेही लिहा, कारण ते फार महत्त्वाचे आहे. जुन्या पॉलिसी रद्द झाल्या नाहीत. त्यांची देणी महामंडळाने स्वीकारली आणि कलम ३७ अन्वये विमा रकमेला केंद्र सरकारची हमी मिळाली.

उत्तर २ (वागळे इस्टेट, आग व मोटार विम्याचे काम)

दुसऱ्या कोड्याचे उत्तर सोपे आहे. १९५६ साली राष्ट्रीयीकरण झाले ते फक्त आयुर्विम्याचे. आग, सागरी आणि मोटार विमा पुढेही खासगी कंपन्यांकडेच राहिला. १३ मे १९७१ रोजी त्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. वागळे इस्टेट ही औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत १९६२ नंतर उभी राहू लागली, तेव्हा आपल्या आजोबांना तिथे आगीच्या विम्याचे काम मिळाले असण्याचा पुष्कळ संभव आहे. पत्रांवरचे पत्ते तपासून पाहा.

उत्तर ३ (चरई)

एक विनंती आहे. वह्यांत विमेदारांची नावे, वये आणि क्वचित आजारांच्या नोंदीही असतील. त्या जशाच्या तशा छापू नयेत, कुटुंबे अजून याच गल्ल्यांत राहतात. त्या काळच्या विमा कंपन्यांच्या जाहिराती पाहायच्या असतील तर १८९३ पासून चालू असलेल्या आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जुनी नियतकालिके चाळावीत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री बहिणीबरोबर दुसरी फाईल पुन्हा वाचली. भरपाईसंबंधीचे इंग्रजीत टंकलेले एक पत्र त्यात आहे, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आजोबांनी पेन्सिलीने हिशेब मांडला आहे. रक्कम किती, हे इथे लिहीत नाही, पण घरात इतकी वर्षे तिचा उच्चारही झाला नव्हता. आगीच्या विम्याची सात पत्रे वागळे इस्टेटच्या पत्त्यांची निघाली.

नावांबाबतची सूचना पूर्णपणे मान्य आहे. मी फक्त गल्ली आणि व्यवसाय लिहीन.

वहीतली एक नोंद मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. उथळसरच्या एका शिंप्याचा तिमाही हप्ता १२ रुपये होता. नूतनीकरणाचे कमिशन ५ टक्के, म्हणजे १९५७ नंतरच्या हिशेबाने साठ नये पैसे. हप्ता थकला की आजोबा त्याच्या दुकानी जात, स्वतः पैसे नेऊन शाखेत भरत आणि पावती परत पोचती करत. समासात प्रत्येक वेळी ‘पावती दिली’ असा शेरा आहे. ऑगस्ट १९५६ आणि नोव्हेंबर १९५६ या दोन नोंदी एकाखाली एक आहेत. मधल्या काळात कंपनी गेली, पाटी उतरली, करार संपला. शेरा तोच आहे आणि शाईही तीच दिसते.

उत्तर १ (निवृत्त विकास अधिकारी, वाशी)

हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नियमाने प्रतिनिधीला नव्हता, तरी ग्राहकांसाठी ही धावपळ बहुतेक जुने प्रतिनिधी करत आले. ते पान जरूर छापा, फक्त शिंप्याचे नाव झाका.